चालती गाडी खोलायची का?

विकीने सेकंडहँड यामाहा वायझेड १२५ घेतली आणि परळच्या आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले. गाडी टू-स्ट्रोक, मातीत पळवायची मोटोक्रॉसची, नंबरप्लेट नाही. रस्त्यावर काढायची सोय नाही, टेम्पोत टाकून पनवेलच्या पुढे माळावर न्यायची. विकणारा म्हणाला, "पिस्टन नवा टाकलाय." कधी टाकला, त्यावर गाडी किती तास चालली, याची पावती नाही की कुठे टिपण नाही. म्हणून विकीने विचारलं, अशीच पळवू की आधी पिस्टन बदलू?

पक्याचं उत्तर तयार होतं. "दुसऱ्या किकला उठते, आवाज खणखणीत आहे. चालती गाडी खोलू नये. माझी रस्त्यावरची यामाहा आरएक्स हंड्रेड बघ. वडिलांनी सिलेंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा करून, पिस्टन टाकला, त्यावर मी अख्खं कॉलेज काढलं. हेडला पाना लागला नाही."

पक्याच्या आरएक्सला कट्ट्यावर मान आहे. पण इथे तिचा दाखला लागू होत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. आरएक्सचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्ये वर-खाली जातो ते अंतर, ५० मिलिमीटर, पूर्ण ताकद ७,५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना. वायझेडचा स्ट्रोक ५४.५ आणि ती ११,००० सहज गाठते. मोबाइलवर हिशोब करून दाखवला. ११,००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होतो. आणि प्रत्येक फेरीत तो दोनदा पूर्ण थांबून उलटा फिरतो. आरएक्सचा वेग तिच्या टोकालासुद्धा सेकंदाला साडेबारा मीटर. त्यात आरएक्स परळ ते दादर अर्ध्या थ्रॉटलवर जाणार आणि ही माळावर सतत पिळलेली असणार. म्हणून मोटोक्रॉसच्या गाडीत पिस्टनचं आयुष्य तासांत मोजतात, किलोमीटरमध्ये नाही.

"एवढं कशाला? कॉम्प्रेशन गेज लावा, सिलेंडरमधला दाब कळेल," अव्या म्हणाला. "आकडा चांगला आला तर पिस्टन चांगला."

मामा तोवर गप्प चहा पीत होते. गल्लीतल्या गॅरेजात त्यांच्या हातून टू-स्ट्रोक गाड्या किती गेल्या असतील, देव जाणे. ते म्हणाले, "गेजला रिंग कळते रे. स्कर्ट कळत नाही."

मला वाटतं, सगळ्या वादात हे एक वाक्य महत्त्वाचं होतं. रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीचं दाब अडवणारं कडं, धरून आहे तोवर गेजवर आकडा येतो. पण रिंगच्या खालचा पिस्टनचा भाग, म्हणजे स्कर्ट, पिस्टनला सिलेंडरमध्ये सरळ धरतो. तो झिजला की पिस्टन आत डुलायला लागतो, भिंतीवर आपटतो आणि आपटून आपटून स्कर्टला बारीक चीर जाते. गाडी तेव्हाही दुसऱ्या किकला उठते! मग एक दिवस पूर्ण थ्रॉटलवर तुकडा पडतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण पिस्टनखालच्या क्रँककेसमधून वर जातं, त्यामुळे खाली पडलेला तुकडा क्रँकच्या बेअरिंगमध्ये तरी घुसतो, नाहीतर मिश्रण वर नेणाऱ्या वाटेने, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून, पुन्हा सिलेंडरमध्ये येतो.

"आला तर आला. बोअर करू," पक्या.

इथेही आरएक्सच आडवी येते. तिच्या ब्लॉकमध्ये लोखंडी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, असते. ओरखडा आला की ०.२५, मग ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ, बोरिंगवाला करून देतो. वायझेडचा सिलेंडर ॲल्युमिनियमचा, आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, कडक थर. तो सोलला गेला तर आपला बोरिंगवाला हात वर करतो. पुन्हा कोटिंग नाहीतर नवा सिलेंडर. या सगळ्यापुढे पिस्टन किट महाग आहे असं कुणी म्हणू नये.

मग विकीने मोबाइल काढला. सायलेन्सर उतरवून, एक्झॉस्ट पोर्टमध्ये टॉर्च मारून त्याने पिस्टनचा फोटो घेतला होता. आम्ही सगळे त्यावर वाकलो. नव्या पिस्टनच्या स्कर्टवर मशीनच्या बारीक आडव्या रेघा असतात. इथे त्या कडेला दिसत होत्या, मधला पट्टा मात्र आरशासारखा गुळगुळीत, त्यावर दोन-तीन उभे ओरखडे. रिंगखाली तपकिरी डाग, म्हणजे जळलेला गॅस रिंग ओलांडून खाली येतोय.

"एवढे ओरखडे सगळ्याच पिस्टनवर असतात," पक्या म्हणाला. त्यात तथ्य आहे. आणि ही फक्त एक्झॉस्टची बाजू. जास्त घासते आणि तुटते ती कार्ब्युरेटरकडची, ती कार्ब्युरेटर आणि सिलेंडरमधला रीड ब्लॉक काढल्याशिवाय दिसत नाही.

मी विकीला एअर फिल्टरचं विचारलं. "फोम आहे. कोरडा होता." कोरडा! फोमला ऑइल चोपडलेलं नसेल तर माळाची बारीक धूळ सरळ आत जाते, आधी क्रँकच्या बेअरिंगवरून, मग पिस्टनवरून. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

पक्याने शेवटी मुद्द्याचं काढलं, ते मान्य करायला हवं. "सिलेंडर झिजलेला असेल तर नवा पिस्टन टाकून काय होणार? आणि बसवताना चुकलं तर?" मामांनी मान डोलावली. अशा गाड्यांचे पिस्टन ए, बी, सी अशा मापांत मिळतात, दोन अक्षरांत फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. बोअर न मोजता मागवणं म्हणजे अंदाजपंचे. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची दोन्ही टोकं खोबणीतल्या पिनेपाशी, नाहीतर टोक पोर्टमध्ये अडकतं. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनची लॉकं प्रत्येक वेळी नवी, आणि ती लावताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं, कारण लॉक खाली पडलं तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. पिनचं बेअरिंगही त्याच वेळी नवं.

"आणि पेट्रोलमध्ये ऑइल मोजून," मामा विकीला म्हणाले. विकणारा 'अंदाजाने' टाकायचा म्हणे. ४० ला १ म्हणजे लिटरला २५ मिली. केमिस्टकडून मोठी सिरिंज आण, अंदाज कसला करतोस?

ठरलं असं, की रविवारी मामांच्या गॅरेजमध्ये सिलेंडर उचलायचा, बोअर मोजायचा, मग पिस्टन मागवायचा. तोवर गाडीला किक नाही. पक्याही येतोय, पण त्याची अट आहे: माप लिमिटमध्ये निघालं तर जुनाच पिस्टन परत बसवायचा. मला हे पटत नाही. गॅस्केट नवं घालणार, लॉकं नवी घालणार, आणि ज्याचे तास कुणाला माहीत नाहीत, जो कोरड्या फिल्टरवर चाललाय, तो पिस्टन परत आत? विकी अजून दोघांकडे आळीपाळीने बघतोय. मी त्याला रोज सांगणार आहे.