घाटमाथ्यावरचा खडक सर्वांत जुना नाही

‘महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा सर्वांत झिजलेला, म्हणून तोच सह्याद्रीतला सर्वांत जुना खडक’ असा मजकूर सध्या फिरतोय. खरं नेमकं उलट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर साचला. तळाचा आधीचा, माथ्याचा नंतरचा. हे तत्त्व डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच मांडलं. जांभा तर सर्वांत वरचा थर कुजून बनला, म्हणजे आणखी अलीकडचा.

घाटात दोन थरांमधला तांबडा पट्टा जरूर पाहा: खालचा लाव्हा थंडावला, त्याची माती होऊ लागली, मग वरचा आला. थरांना उभी छेदणारी काळ्या दगडाची भिंत त्या थरांहून तरुण, कारण छेदायला थर आधी हवेत. हिमालयात मात्र जुने खडक नव्यांवर सरकलेत. तिथे हा नियम सरसकट लावू नका.