नास्तिक व्हा, पण हजेरी चुकवू नका

सोलापुरात राहून नास्तिक व्हायचा विचार असेल तर आधी अभिनंदन. विचार चांगला आहे, खर्च काही नाही, आणि तुम्ही मनात काय मानता हे या गावात कुणी कुणाला विचारत नाही. विचारतात ते एवढंच, 'काय बे, अक्षतेला येवलालास ना?' उत्तर 'हो' असलं की पुढे तुम्ही शंकराला माना, चार्वाकाला माना, नाहीतर कुणालाच मानू नका, कुणाचं काही अडत नाही. देव आहे की नाही यापेक्षा तुम्ही तिथे होता की नाही हे महत्त्वाचं. एवढं ध्यानात ठेवलंत तर नास्तिकपणाचा संसार सुखाचा होतो.

सुरुवात गड्ड्यापासून करावी. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिलाच गड्डा म्हणतात. भोगीला सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, शहराच्या चहूबाजूंनी असलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. कथा अशी की एका कुंभारकन्येने सिद्धरामांशीच, म्हणजे या सिद्धेश्वरांशीच, लग्न करायचा हट्ट धरला. ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी कर. तेच लग्न दरवर्षी लागतं, आणि वऱ्हाडी सगळं गाव. अशा लग्नाला नास्तिकाने जायचं नाही तर कुणी जायचं? पांढरी बाराबंदी शिवून घ्या. कुणी टोकलं तर 'ही आपली संस्कृती आहे, धर्माचा इथे काय संबंध' असं म्हणा आणि पुढे सरका. संमतीचं वाचन सुरू होतं, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' ऐकू येतं आणि हजारो हात एकदम वर जातात. तुमचा हात त्या वेळी तुमच्या तत्त्वज्ञानाची परवानगी मागत बसत नाही. अक्षता उडतात. पुढच्याच्या फेट्यावर, शेजारच्या बाईंच्या केसांत, तुमच्या स्वतःच्या कॉलरीत. रात्री बनियन काढताना दोन दाणे फरशीवर पडले तर ते बायकोच्या आधी उचला. ती बोलणार काहीच नाही, नुसती हसेल, आणि ते हसणं पंधरा दिवस पुरतं.

अक्षतेनंतर यात्रेत होमप्रदीपन होतं, त्या रात्री भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढे धान्य वगैरे ठेवतात, आणि ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मूत्र करतं का, यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. इथे फिदीफिदी हसू नये. 'लोकपरंपरेतलं हवामानशास्त्र' असं पुटपुटून मान डोलवावी. काय सांगितलं ते मात्र नीट ऐकून ठेवा, कारण ज्वारी भरून ठेवायची की थांबायचं हे घरी गेल्या गेल्या तुम्हालाच विचारणार आहेत. (मला त्या वासराचं फार कौतुक वाटतं. एवढ्या गर्दीत, एवढ्या उजेडात, काय बोलायचं ते आधी ठरवून न आलेलं तेच एक असतं.)

कोजागिरीला लोक सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात. पंचेचाळीसेक किलोमीटर. तुम्हीही जा, पण 'वॉक' म्हणून. मोबाईलमध्ये पावलं मोजा. देवीच्या दारात पोचल्यावर 'आता आलोच आहे तर' हे चार शब्द उच्चारा आणि रांगेत उभे राहा. या चार शब्दांनी महाराष्ट्रातले जितके नास्तिक गाभाऱ्यापर्यंत नेले तितके कुठल्या कीर्तनकाराने नेले नसतील. सप्टेंबर 1995 मध्ये गणपती दूध पितो म्हणून देशभर झुंबड उडाली, तेव्हाही गावोगावचे शंकेखोर नुसते 'शहानिशा करायला' गेले होते. शहानिशेसाठी हातात दुधाची वाटी लागते, त्याला कोण काय करणार?

आता घोषणा कशी करायची ते सांगतो. 'देव नाही' असं एकदम म्हणू नका, चहा गार होतो. आपल्याकडे यावर एक तयार वाक्य आहे, 'मी देव मानत नाही, पण काहीतरी शक्ती आहे.' फार सोयीची शक्ती आहे ही. तिला उपास नाही, सोवळं नाही, वर्गणी नाही. तिने आजवर कुणाला प्रश्न विचारला नाही आणि तिलाही कुणी विचारला नाही. ऐकणाऱ्या भाविकाला वाटतं हा आपल्यातलाच, नास्तिकाला वाटतं हाही आपल्यातलाच, आणि तुम्ही दोन्ही घरचे लाडू खाता. शंका मात्र जोपासत राहा. तिचा रोख कायम दुसऱ्याच्या धर्माकडे ठेवा, म्हणजे चिकित्सक म्हणून नाव होतं आणि घरचं वातावरणही बिघडत नाही.

सगळ्यात नाजूक विषय लग्नाचा. देव सोडायला हरकत नाही, पण त्याच्याबरोबर सगळंच सोडून मोकळे होऊ नका. माझ्या पाहण्यातल्या एका बायोडाट्यात असं होतं: 'मुलगा पुरोगामी विचारांचा, नास्तिक, पुण्यात आयटी कंपनीत. पत्रिका पाहणार नाही. अपेक्षा: स्वजातीय. पोटजात जुळल्यास उत्तम.' मंगळाला घराबाहेर काढलं, पोटजातीला सोफ्यावर बसवलं. मुलाच्या वडिलांना विचारलं तर ते अगदी मनापासून म्हणाले, 'आम्ही काही मानत नाही हो, पण मुलीलाच ॲडजस्ट व्हायला सोपं जातं.' मुलीची एवढी काळजी बघून मला गहिवरून आलं. पत्रिका फाडून टाकणारी माणसं मी बरीच पाहिली, जातीचा रकाना कोरा ठेवणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

यात एक अडचण येऊ शकते, तिची तयारी आत्ताच करून ठेवा. एखादा वाचणारा माणूस बैठकीत बसलेला असतो आणि तो नको तो इतिहास काढतो. सिद्धरामांच्याच काळात, बाराव्या शतकात, बसवण्णांच्या कल्याणमध्ये (कर्नाटकातलं, मुंबईजवळचं नव्हे) ब्राह्मण मधुवरसांची मुलगी आणि चर्मकार हरळय्यांचा मुलगा यांचं लग्न लागलं, असं शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांच्या, परंपरेत सांगतात. त्यापायी दोन्ही बापांना हालहाल करून मारलं, कल्याण पेटलं. म्हणजे देव मानणाऱ्यांनी आठशेहून जास्त वर्षांपूर्वी जे करून ठेवलं, ते देव न मानणाऱ्या आयटीवाल्याला अजून झेपत नाहीये. असा माणूस बोलायला लागला की त्याच्यापुढे शेंगाच्या चटणीची वाटी सरकवा आणि उन्हाळ्याचा विषय काढा. सोलापुरात उन्हाळ्याचा विषय कुठल्याही महिन्यात चालतो.

तो माणूस गप्प बसणारा नसेल तर पुढे त्याच काळातल्या शरण अल्लमप्रभूंचं काढेल. शंका घेऊन आपल्या गावात आलेला सगळ्यात तिखट पाहुणा तो. गावाचं नाव तेव्हा सोन्नलगी. सिद्धराम तळं खोदून घेत होते, देवळं उभारत होते, माणसं राबत होती. अल्लमप्रभू आले आणि कुठाय तो तुमचा माती खणणारा वडार, अशी त्यांनी सुरुवातच केली. तळी खोदून आणि देवळं बांधून हाती काय लागतं, हा त्यांचा सवाल. शिष्य दगड घेऊन धावले. सिद्धरामांनी मात्र बसवून घेतलं, वाद घातला, ऐकलं, आणि त्याच माणसाबरोबर कल्याणला निघून गेले. ज्याच्या नावाने आपण अक्षता टाकतो त्याने आपल्यावरची टीका अशी घेतली. तळं आजही आहे, मधोमध देऊळ आहे, काठावर संध्याकाळी माणसं फिरायला येतात. तुम्ही तिथे फिरा, भेळ खा, पण तो प्रश्न पुन्हा विचारायच्या फंदात पडू नका. अल्लमप्रभूंना मुलीचं लग्न जमवायचं नव्हतं आणि त्यांच्या काळात व्हिडिओ व्हायरल होत नव्हता. आज भावना दुखावल्याची तक्रार पाहुणा स्टेशनवर उतरायच्या आत दाखल होते. सिद्धराम कमी झालेत, दगडवाले शिष्य तेवढेच आहेत.

तुम्ही म्हणाल, कायदा आपल्या बाजूने आहे. आहे ना. राज्यघटनेच्या 25 व्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीपासून वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे तर नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. कर्तव्य असल्यामुळेच त्याच्या वाटेला कुणी जात नाही. नरेंद्र दाभोलकर देव नाही असं सांगत फिरत नव्हते. देवाच्या नावाने लुबाडू नका एवढंच सांगत होते, तेही सौम्य आवाजात, पुरावे देऊन. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात फिरायला बाहेर पडलेल्या त्या माणसाला पुलावर गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले, त्याचा वटहुकूम त्यानंतर आठवडाभरात निघाला. या परिच्छेदात सल्ला नाही.

भाविकांना नास्तिकांचा एरवी त्रास नसतो, आणि खरं म्हणजे उपयोगच असतो. मंडळाचा हिशेब ठेवायला नास्तिक बरा, देव माफ करेल या भरवशावर तो रक्कम खात नाही, असा समज आहे. (समजच आहे.) नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा वाहतूक कुठून वळवायची, अक्कलकोटला गुरुवारी गाडी कुठे लावायची, पंढरपूरला आषाढीत कुठल्या रस्त्याने शिरायचं, ही माहिती पूर्वभागातल्या एखाद्या कट्टर नास्तिकाइतकी पुजाऱ्यालाही नसते. आणि प्रार्थना कशी करतात हे तर कुणालाच शिकवायला लागत नाही. नळाला पाणी यायची रात्र असते, चार-पाच दिवस झालेले असतात, बॅरल कोरडं पडलेलं असतं. अडीच वाजता नळातून नुसती हवा फुसफुसते. तेव्हा पाइप हातात धरून तुम्ही जे काही म्हणता ते कुठल्या स्तोत्रात बसतं हे विद्वानांनी ठरवावं.

राहता राहिला सरकारी कागद. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सरकारी फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती कुणावर करता येत नाही, 'मला धर्म नाही' असं म्हणायचा हक्क माणसाला आहे. तरी त्याआधीच्या, 2011 च्या जनगणनेत नास्तिक म्हणून नोंद झालेले देशभरात 33 हजारांच्या आसपासच निघाले, त्यातले 9 हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातले. गड्ड्यात एका संध्याकाळी याच्यापेक्षा जास्त लोक भजी खात असतील. तेव्हा पुढच्या जनगणनेला इतिहास घडवायचा असेल तर एक करा, बाई घरी येतील तेव्हा दार तुम्ही स्वतः उघडा. तुम्ही ते करणार नाही, पेपर वाचत बसाल, म्हणून पुढचंही सांगून ठेवतो. बाई नाव विचारतील, वय विचारतील, मग धर्म विचारतील. तुम्ही चष्मा काढाल, घसा साफ कराल आणि म्हणाल, 'तसं पाहिलं तर बाई, मी...'

एवढ्यात आतून आवाज येईल, 'सगळ्यांचं एकच लिहा हो! आणि त्यांचं काही ऐकू नका. परवाच फोनवर विचारत होते, पंढरपूरला रांगेत न थांबता दर्शन कुणाच्या ओळखीने होतं म्हणून.'

बाईंनी तोवर रकाना भरलेला असतो.