सहापेक्षा जास्त माणसं तलावावर नेऊ नका

तलावावरचे पक्षी पाहायला येणारे पाहुणे आम्ही घरी ठेवून घेतो. काल रात्री पुन्हा एक फोन आला, नागपूरहून. "ताई, जानेवारीत पंचवीस जणांचा ग्रुप आणतो. दोन रात्री राहू. सारस दाखवाल ना?" मी नाही म्हणाले. समोरच्याला वाटलं, मी दर वाढवून मागते आहे, म्हणून त्याने आपणहून दर वाढवला. तरी नाहीच म्हणाले. दारात आलेली लक्ष्मी परत का पाठवली, हे सासूबाईंना समजावून सांगायला रात्रीचे अकरा वाजले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. दिवाळी झाली की पक्षी सहलींच्या जाहिराती सुरू होतात, आणि त्यात नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांना पाखरांची मनापासून ओढ असते. माझं म्हणणं त्यांच्यासाठीच आहे.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधपासून जवळ. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत गावागावाला तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या माणसांनी ते धानासाठी आणि उसासाठी बांधले. पुढे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार, आले, 1950 च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नाव उरलं 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे कागदावरचे मामा तलाव. या तलावांची रचना समजून घेतल्याशिवाय इथले हिवाळी पक्षी समजत नाहीत, म्हणून पाहुण्यांना पहिल्या संध्याकाळी मी दुर्बीण काढू देत नाही, आधी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, नुसती फिरवून आणते.

मातीची पाळ एकाच बाजूला असते. बाकीच्या बाजूंनी जमीन हळूहळू पाण्यात उतरते. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरतो. पुढे रब्बीला पाणी सुटलं की काठ आटत जातो आणि रोज नवीन चिखल उघडा पडतो. अगदी काठाला, पोटरीभर पाण्यात, लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाट्ये चालतात. त्याच्या पुढे गुडघाभर पाण्यात थापट्या आणि तलवार बदकं. हे बुडी मारत नाहीत, वरचं पाणी चोचीने गाळून किंवा डोकं खाली आणि शेपूट वर करून तळातलं खातात, त्यामुळे त्यांना पाणी मानेला पुरेल इतकंच लागतं. मधल्या खोल पाण्यात लालसरी आणि शेंडी बदकं, ही खरी बुडी मारणारी. देवधानाच्या गचपणात जांभळी पाणकोंबडी, कमळाच्या पानांवर लांब बोटांचा कमळपक्षी. ज्याची जितकी मान आणि जितका पाय, तितकं त्याचं पाणी ठरलेलं. जेसीबी लावून तलाव सरसकट खोल केला आणि काठ उभा कापला, तर पाणी वाढतं पण अर्धे पक्षी बेघर होतात. खोलीकरणाचे फलक लावताना हा काठ कुणी लक्षात घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सहा माणसं का, ते सांगते. मी काही पोथीत वाचून आकडा काढलेला नाही. पाळ अरुंद, एकामागे एकच चालता येतं. पुढे चालणारा वाटाड्या हळू आवाजात जे बोलतो ते सहाव्या माणसापर्यंत कसंबसं पोचतं. सातव्यासाठी त्याला आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढला की काठावरचा ढोकरी बगळा आधी उठतो, त्याच्यामागे टिटवी, आणि टिटवी ओरडली की अख्ख्या तलावाला खबर. दुसरं, आमच्याकडे तिपाईवरची मोठी दुर्बीण एकच आहे. एकेकाने अर्धा मिनिट पाहिलं तरी सहा जणांचं तीन मिनिटांत होतं, आणि झोपलेलं बदक तीन मिनिटं एका जागी राहतं. वीस माणसं असली की शेवटच्याला फक्त पाणी दिसतं. ताडोबात एका जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक हा नियम सगळे मुकाट पाळतात. तलावावर ना गेट आहे ना पावती, म्हणून तिथे बसभर माणसं उतरवायची, हे कुठलं शहाणपण?

दोन वर्षांपूर्वी असाच एक मोठा गट आला होता. आयोजकाचं नाव लिहीत नाही. त्यांचं जेवण मी करून दिलं होतं, म्हणून त्या दिवसाचा वाटा माझ्याही डोक्यावर आहे. सकाळी पट्टकदंबांचा थवा पाण्याच्या पलीकडे कडेला बसला होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाच्या यंत्रांनी त्याची सात हजार मीटरहून जास्त उंचीवरची उड्डाणं नोंदवली आहेत. आमचे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, काकाजी डोंगा बांधत होते, ते उठून आले आणि हात जोडून म्हणाले, "उडवू नोका जी. रातभर बांध्याइत चरून आले हायेत, आता झोपाचा टाइम हाय त्याइचा." एकाने हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याने ड्रोन सोडला. थवा उठला. फोटो चांगले आले असतील. मी पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाळीवर जाऊन पाहत होते, पट्टकदंब त्या तलावावर परत उतरले नाहीत.

काकाजी बोलले ते अक्षरशः खरं आहे. हे हंस आणि बरीचशी बदकं रात्री, पहाटे कापलेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेताच्या वाफ्यांत, सांडलेले दाणे वेचतात आणि दिवसा पाण्यावर पडून राहतात. आपण ज्याला 'शांत बसलेला थवा' म्हणतो ती त्यांची झोप असते. मार्चमध्ये पुन्हा हिमालय ओलांडायचा, त्यासाठी अंगावर चरबी साठवायचे हेच दिवस. प्रत्येक उड्डाणात त्यातलंच काही खर्च होतं.

गेल्या जानेवारीत पाच जणांच्या गटात पुण्याच्या एक मावशी होत्या, टपाल खात्यातून निवृत्त. गुडघे दुखतात, पाळीवर चढता-उतरता येणार नाही, म्हणून त्या यायलाच संकोचत होत्या. आम्ही आंब्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली, पायावर घोंगडी. बाकीचे चौघे वाटाड्याबरोबर तलावाला वळसा घालायला गेले. दोन तासांनी परत आले तेव्हा मावशींच्या खुर्चीपासून दहा हातांवर एक शंकर पक्षी चिखलात टुणटुण उड्या मारत होता. गळ्यावरचा निळा रंग, त्यात तांबूस ठिपका, शेपटी पंख्यासारखी उघडायची आणि मिटायची. मावशी बोटाने 'थांबा' करत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वळसा घालून आलेल्यांनी तो पक्षी ओझरताही पाहिला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या सहलीत रोज एक सकाळचा पहर बसून काढायचा, हे ठरलं. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाढवायची घाई असलेल्यांना ते आवडत नाही. त्यांनी दुसरीकडे जावं, मला राग नाही.

वाटाड्याबद्दल थोडं कडक लिहिते. शहरातला जाणकार सोबत असला तर चांगलंच आहे, पण तलाव गावातल्या माणसानेच दाखवला पाहिजे आणि त्याला जाणकाराइतकेच पैसे मिळाले पाहिजेत. निघताना खिशात शंभर रुपये कोंबणं म्हणजे मेहनताना नव्हे. आमचा वाटाड्या काकाजींचा नातू आहे. नावं तो मोबाइलवर शिकला, पण आज वारा कुठून आहे आणि पाखरं कुठल्या कोपऱ्यात दबून असतील, हे आजोबांकडून. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींसारखा माणूस नवेगावला वनाधिकारी म्हणून आला तेव्हा तोही नवेगावच्याच माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीने हे रान आणि हा तलाव शिकला. आता चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून, 5 नोव्हेंबरपासून, पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, 12 नोव्हेंबरपर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. व्याख्यानं होतात, फलक लागतात. त्या आठवड्यात एखाद्या ढिवराला मंचावर बोलवा ना!

आणि ढिवरांचा प्रश्न पोटाचा आहे. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असतो. जाळं लावायचं तर पाखरू उठणारच. आम्ही पाहुण्यांच्या पैशातला एक हिस्सा संस्थेला देतो आणि संस्था डिसेंबर ते फेब्रुवारी एका कोपऱ्यात जाळं टाकत नाही. लेखी काही नाही, शब्दावर चाललं आहे. आमच्याच तालुक्यात ढिवर बायाबापड्यांनी बेशरम हे माजलेलं तण उपटून, पाण्यातल्या गावठी वनस्पती पुन्हा लावून तलाव जिवंत केले आहेत. मासे वाढले, मग पाखरंही आली. सहलीचा पैसा तिथे पोचत नसेल, तर आपण त्यांच्या कष्टावर फुकट चैन करतो आहोत.

सारसासाठी आम्ही एक दिवस गोंदियाकडे, परसवाड्याच्या बाजूला जातो. तिथे वाटाड्या तिथलाच घेतो, आमचा वाटाड्या त्या दिवशी पाहुणा. सारस हा पाहुणा पक्षी नव्हे, बारमाही घरचा. महाराष्ट्रात त्याचा आता मुख्य आसरा म्हणजे वैनगंगा-बाघ नदीकाठचा हाच धानपट्टा. पावसाळ्यात तो थेट बांधीत घरटं घालतो. धान तुडवलं जातं म्हणून पूर्वी काही शेतकरी अंडी काढून टाकायचे, आता कित्येक जण स्वतः राखण करतात. हिवाळ्यात जोडीबरोबर बदामी डोक्याचं पिल्लू दिसलं की समजायचं, कुणीतरी आपल्या बांधीतलं थोडं धान सोडून दिलं. त्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्याला न विचारता, फोटोसाठी रांगत जाऊ नका.

यंदा आमच्याकडे जानेवारीच्या दोन आठवड्यांत सहा-सहाचे दोनच गट घेणार आहोत, तीन-तीन रात्रींचे. स्वेटर, कानटोपी आणा, गोंदियाची थंडी हाडात शिरते. पांढरे, भडक कपडे आणू नका. पहाटे पावणेसहाला कोरा चहा पिऊन निघायचं, धुकं फाटायच्या आत आंब्याखाली पोचायचं. त्या सुमारास शेतातल्या लाखोळीच्या पिकाला निळी फुलं आलेली असतात. मावशींनी फेब्रुवारीत पुण्याहून एक घडीची खुर्ची पाठवली आहे, ती पहिल्या रांगेत ठेवू.