आधी बर्फ फोडा, गराडू नंतर

डिसेंबरअखेरचं स्नेहसंमेलन ठरवताय? उत्तम. हॉल घेतला, खुर्च्यावाल्याला सांगितलं, गराडूवाल्याला, म्हणजे कंदाच्या तळलेल्या फोडी विकणाऱ्याला, आगाऊ पैसे दिले. आता लोकांना बोलावून नुसतं जेवू घालायचं एवढा गावंढळपणा मात्र करू नका. लोक भेटतील, गप्पा मारतील, हसतील, खातील आणि घरी जातील, याला काय कार्यक्रम म्हणायचं? त्यांच्यात बर्फ साचलाय असं गृहीत धरा आणि तो फोडायला माइकवाला माणूस, म्हणजे अँकर, लावा. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाने मागच्या रविवारी लावला होता. त्या अनुभवाच्या जोरावर हे मार्गदर्शन करतोय. फी नाही.

लोकांचा संकोच मोडणाऱ्या अशा खेळांना आइसब्रेकर म्हणतात. शब्दाला घाबरू नका. हे मुळात बर्फ फोडणारं जहाज. सोव्हिएत रशियाने १९५९ साली ‘लेनिन’ नावाचं एक कामाला लावलं होतं, अणुशक्तीवर चालणारं. पाणबुड्या सोडल्या तर तसं जगातलं पहिलं जहाज. ही जहाजं बर्फ कापत नाहीत बरं का. नाक वर करून बर्फावर चढतात आणि आपल्या वजनाने त्याला चेपून फोडतात. आमच्या अँकरला हे कोणी सांगितलं नसणार, पण पद्धत तंतोतंत तीच होती.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ होता कुठे? हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं, त्यातली निम्मी राजवाड्यामागच्या वाड्यांत एका नळावर पाणी भरून मोठी झालेली. कोणाच्या मुंजीत कोण रुसलं, कोणाचा प्लॉट कोणी किती स्वस्तात लाटला, सगळ्यांना सगळं पाठ. असलाच बर्फ तर तो त्या प्लॉटवाल्या दोन घरांत आहे, आणि तो ‘लेनिन’च्यानेही फुटायचा नाही. पण असल्या शंका काढू नका. अँकरचे पैसे देऊन झालेत.

माइक हातात येताच त्याने ‘गुड ईवनिंग इंदौर!’ म्हणावं. समोर आम्ही नव्वद, हा बोलणार अख्ख्या इंदूरशी. आपण ‘गुड ईवनिंग’ म्हटलं की कानाला हात लावून ‘आवाज नहीं आई!’ म्हणावं. आलेली असते. तरी तीनदा विचारावं. तिसऱ्या वेळी आमच्या तात्यांनी श्रवणयंत्र काढून खिशात टाकलं. त्या संध्याकाळी मंडळात घेतला गेलेला तेवढा एकच शहाणा निर्णय.

मग नावांचा खेळ घ्या. आपल्या आद्याक्षराचं विशेषण नावाआधी लावायचं आणि आपल्या आधीच्या सगळ्यांची नावं विशेषणांसकट घडाघडा म्हणायची. चाळीस वर्षं ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो ते एकदम ‘प्रसन्न पुरुषोत्तम’ झाले. त्यांचं नाव पुरुषोत्तम आहे हे आम्हाला तेव्हा कळलं, आणि ते प्रसन्न नाहीत हे आधीपासून ठाऊक होतं. ‘सु’वरून सुरू होणाऱ्या आमच्याकडे चार काकू. ‘सुंदर’ पहिलीने उचललं, ‘सुगरण’ दुसरीने, ‘सुशील’ तिसरीने. चौथी अडली, तेव्हा तिच्या यजमानांनी मागून ‘सुस्त!’ म्हणून मदत केली आणि स्वतःच टाळी वाजवली. त्यानंतर दोघं एका गाडीतून घरी गेले का, याची मला नक्की माहिती नाही.

दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी, हा खेळ तर अवश्य घ्या. तीन वाक्यं बोलायची, खोटं कोणतं ते इतरांनी ओळखायचं. आमच्याकडे एका गृहस्थांनी सांगितलं: मी लहानपणी सिरपूरच्या तळ्यात बुडता बुडता वाचलो, मला मोडी वाचता येते, मी सिगरेट सोडली. सगळ्यांनी मोडीवर बोट ठेवलं. बायकोनेही मोडीवरच ठेवलं. मोडी खरी निघाली.

हातांची गाठ घालून ती न सोडता उलगडायचा खेळ असतो, त्यात फ्रोझन शोल्डरवाल्यांना पुढे बोलवा.

एव्हाना साडेआठ वाजलेले असतील आणि मागच्या अंगणातून वास यायला लागेल. गराडूचं काय असतं ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या अँकरला सांगायला हवं होतं. तळून ठेवलेल्या फोडी ऐनवेळी पुन्हा कडकडीत तेलात सोडायच्या, बाहेर आल्या की वरून जीरावन मसाला, लिंबू, आणि त्याच मिनिटाला तोंडात. दहा मिनिटांनी तोच गराडू चामड्याच्या चपलेसारखा होतो. म्हणून तुम्ही काय करा, पहिला घाणा बाहेर पडला की माइकवरून जाहीर करा: ‘खाना गेम के बाद!’ लोकांना भुकेची शिस्त लागते.

आणि मग पेपर डान्स.

नवऱ्या-बायकोने वर्तमानपत्राच्या उघड्या पानावर उभं राहून नाचायचं, गाणं थांबलं की पान अर्धं घडी करायचं, मग पाव, मग अष्टमांश. पाय बाहेर गेला की बाद. एवढंच असतं तर मी बोललो नसतो. आमची ही आणि मी, आम्हाला पहिल्याच फेरीत भांडून बाद होता आलं असतं. पण अँकर म्हणाला, नवरा-बायको तर रोजच भेटतात, आज चिठ्ठ्या टाकू, ‘नई जोड़ी, नई दोस्ती!’ एका डब्यात पुरुषांची नावं, दुसऱ्यात बायकांची. माझ्या नावाबरोबर निघाल्या आमच्या विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. उज्जैनहून दोन दिवसांसाठी आलेल्या. मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली, या चार वर्षांत मी त्यांच्याशी ‘प्रवास कसा झाला?’ आणि ‘आणखी एक पोळी घ्या ना’ याच्या पलीकडे बोललेलो नाही. त्याही माझ्याशी ‘पुरे’ याच्या पलीकडे नाहीत. यात बर्फ नाही हो! याला रीत म्हणतात. दोन्ही घरांनी विचारपूर्वक ठेवलेलं ते अंतर आहे. त्या अंतरामुळेच त्या आमच्याकडे दोन दिवस सुखाने राहू शकतात, आणि मीही बनियनवर न फिरता दोन दिवस सभ्य राहू शकतो. असं ते अंतर या मुलाने इंदूरच्या एका दैनिकाच्या शनिवारच्या पानावर आणून उभं केलं. पानावर खाली गाद्यांच्या सेलची जाहिरात होती. मी आयुष्यात कुठल्या जाहिरातीकडे इतका वेळ बघितलेलं नाही, कारण दुसरीकडे बघण्यासारखी जागाच नव्हती.

पहिली घडी झाली, आम्ही उभे. दुसरी घडी झाली, तरी उभे, कारण दोघांनाही आधी कोणी पाय बाहेर टाकायचा ते कळेना. मी टाकला असता तर त्यांना वाटलं असतं, व्याहीबुवांना आपला कंटाळा आला. त्यांनी टाकला असता तर उज्जैनकडची बाजू हरली असती. तशात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वैशाखात. तिसऱ्या घडीला पान चौरंगाहून लहान झालं, त्या एका पायावर उभ्या, हाताने माझी बाही धरलेली, तोंडाने ‘राम राम राम’. माझी बायको हसतेय, सून तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळलेली, आणि व्याही मोबाइल आडवा धरून व्हिडिओ काढताहेत. त्या क्षणी अँकर काय म्हणाला असेल? ‘अंकल, आंटी को गोद में उठा लीजिए!’

मी विचारतो, तुमच्या घरी आई-बाप नाहीत का? त्यांना तुम्ही सांगाल का असं? पैसे घेऊन आलात म्हणून साठीतल्या बाईला कोणी उचलायचं, तेही व्याह्याने, हे तुम्ही माइकवरून ठरवणार? मी पाय बाहेर टाकला. तर वर म्हणतो, ‘अंकल में एनर्जी कम है!’ अरे, एनर्जी होती म्हणूनच मी खाली उतरून माइक हिसकावला नाही.

असो. आवाज चढला, क्षमा करा. आपण मार्गदर्शन करत होतो.

व्हिडिओ आता पुण्याच्या भाच्याने स्लो मोशनमध्ये फिरवला आहे.

तंबोला घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी घ्या, कारण हा खेळ खरोखर चांगला आहे आणि चांगल्या गोष्टीने सुरुवात करणं बरं दिसत नाही. तिकिटावर तीन ओळी, पंधरा आकडे. हाताला काम, तोंडाला मोकळीक. शेजारच्याची नात कुठल्या शाळेत आहे ते विचारत विचारत खेळता येतो, आजी आणि नातू एकाच तिकिटावर बसतात, आणि कोणाला काही करून दाखवावं लागत नाही. तो बिघडवायचा उपाय सोपा आहे. प्रत्येक आकड्याला एक विनोद करा. अठ्ठ्याऐंशीला ‘टू फॅट लेडीज’ म्हणताना समोरच्या दोन काकूंकडे बघा. नव्वद आकडे, विनोदाला अर्धा मिनिट, म्हणजे पाऊण तास आरामात निघतो. तोवर गराडूवाला सामान आवरू लागलेला असतो.

आणि भोंडल्याचं नाव काढू नका, मागासलेले दिसाल. नवरात्रात माझी आई पाटावर हत्ती काढायची, वाड्यातल्या बायका-मुली भोवती फेर धरायच्या, गाणी संपली की खिरापत ओळखायची. झाकलेला डबा हलवून बघायचा. खुळखुळला तर शेंगदाणे-फुटाणे, गपगप वाजला तर काहीतरी ओलं. ‘गोड का तिखट?’ ‘तळलेलं का वाफवलेलं?’ नवीन लग्न होऊन आलेली, तीन आठवडे तोंड न उघडलेली सूनसुद्धा ‘सुरळीच्या वड्या!’ म्हणून ओरडायची, कारण तिच्या माहेरी त्या होत असत. मग सगळ्याजणी तिला विचारायच्या, माहेर कुठलं? झालं. कोणी बाद नाही, कोणी टाळ्या वाजवत बाजूला बसलेलं नाही, आणि खेळ संपतो तो थेट तोंडात. डबा गरम असायचा. पण याला माइक लागत नाही, बॅनर लागत नाही, तेव्हा हा आइसब्रेकर नव्हे.

त्यापेक्षा संगीत खुर्ची घ्या. वीस माणसं, एकोणीस खुर्च्या. एक विजेता उरेपर्यंत एकोणीस फेऱ्या होतात, म्हणजे जो पहिल्या फेरीत बाद झाला त्याने अठरा फेऱ्या बाजूला उभं राहून दुसऱ्यांची मजा बघायची. आणि पहिल्या फेरीत कोण बाद होतं? जो ढकलत नाही तो. जो लाजतो तो. ज्याला इथे कोणी ओळखत नाही आणि म्हणून ज्याचा हा तुमचा बर्फ फोडायचा होता, नेमका तो.

आमच्याकडे ती मुलगी बाद झाली. सांगलीची, तीन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी आली, सुपर कॉरिडॉर नावाच्या रस्त्याला कुठेतरी कामाला जाते, आमच्याच इमारतीत भाड्याने राहते. मंडळाने ग्रुपवर टाकलं होतं ना, ‘शहरात नव्याने आलेल्या मराठी बांधवांचं विशेष स्वागत’, ते वाचून आली होती. हातात घरून आणलेला चिवड्याचा डबा. गाणं थांबलं तेव्हा ती आणि सुलभाकाकू एकाच खुर्चीपाशी होत्या. ती म्हणाली, ‘तुम्ही बसा काकू.’ भोंगा वाजला. ‘आउट!’ लोक हसले.

मार्गदर्शन गेलं खड्ड्यात. सरळ सांगतो. लाज वाटायला हवी होती आपल्याला. मंडळाला, अँकरला आणि मलाही, कारण मी त्या वेळी पेपर डान्सचा अपमान चघळत खांबाला टेकून उभा होतो आणि ती मला दिसत होती. अडीच तास. ती भिंतीकडेच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसली, मग मोबाइल बघू लागली, मग मोबाइलची बॅटरी संपली असावी, कारण नुसतीच बसली. ऐंशी-नव्वद माणसांनी तीस वर्षांच्या ओळखीतला, नसलेला बर्फ फोडण्यासाठी इतका आरडाओरडा केला आणि त्यातल्या एकालाही उठून तिच्याकडे जाऊन ‘बाळ, तू कोणाची? चिवडा कसला आणलास?’ एवढं विचारावंसं वाटलं नाही. पाहुणा घरी आला तर त्याची चारजणांशी ओळख करून देणं हे यजमानाचं काम आहे. ते तुम्हाला करायचं नसतं, अवघड वाटतं, किंवा फोटो काढण्यात वेळ होत नाही, म्हणून तुम्ही भाड्याने माणूस आणता. खेळबिळ सगळा त्याचा बहाणा आहे. तो ओरडत असला की तुम्हाला कोणाशी बोलावं लागत नाही!

ती जेवली नाही. गार गराडूच्या दोन फोडी घेतल्या आणि निघाली. खाली चौकीदाराने रजिस्टर पुढे केलं, ‘दीदी, नाम लिख दो.’ मी मागेच होतो म्हणून तिचं नाव वाचलं. वाचायला मला तेवढं रजिस्टरच मिळालं.

दुसऱ्या दिवशी हॉलमधले पेपरचे तुकडे, चिठ्ठ्या, तंबोल्याची तिकिटं आपण सगळं सुक्या कचऱ्यात नीट घातलं. पत्रावळी ओल्यात. इंदूर आहे, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर सोडलेला नाही, त्यात आपण चुकत नाही.

चौदा जानेवारीला संक्रांत आहे, हळदीकुंकू याच हॉलमध्ये ठरतंय असं कानावर आलंय. माइक आणायचा असेल तर खुशाल आणा. कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो.