सांडणीचं दूध पाजा, पण इन्सुलिन थांबवू नका

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा यवतमाळहून फोन आला. "ताई, हिचा सकाळचा डोस अर्धा केला तर चालेल ना? ते दूध सुरू केलंय."

ही म्हणजे माझी भाची. वय अकरा, तीन वर्षांपासून टाइप 1 मधुमेह. दूध म्हणजे उंटिणीच्या दुधाची पावडर. ती घ्यायला लावणारा मेसेज बहिणीला सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, आणि त्यानंतर मलाही तीन जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय: या दुधात लिटरला 52 युनिट नैसर्गिक इन्सुलिन असतं, ते पोटात फाटत नाही म्हणून थेट रक्तात जातं, तीन महिन्यांत इंजेक्शन सुटतं. राजस्थानातल्या उंट पाळणाऱ्या रायका समाजात मधुमेह नाहीच. दूध कच्चंच प्यावं, उकळलं की सत्त्व जातं. शिवाय गाईच्या दुधाच्या मानाने लोह दहापट, 'क' जीवनसत्त्व तिप्पट, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर शून्य.

आधी इन्सुलिनचं बघू, कारण त्यातच जीव जायची भीती आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं की वरणातल्या प्रथिनासारखं ते पचून जातं, म्हणून तर एवढ्याशा पोरीला रोज टोचावं लागतं. आणि 52 हा आकडा घटकाभर खरा धरू. अर्ध्या लिटरमध्ये 26 युनिट झाले. माझी भाची दिवसभरात साधारण तेवढंच घेते. तेवढं इन्सुलिन दुधातून खरंच रक्तात उतरत असतं, तर निरोगी माणसाची साखर धाडकन खाली आली असती. आमच्या यवतमाळकडे कच्छचे रबारी मेंढ्या-उंट घेऊन येतात. सांडणीचं धारोष्ण दूध पिऊन त्यांची पोरं दिवसभर कळपामागे पळतात. ती जागच्या जागी कोसळायला हवी होती. कोसळत नाहीत.

टाइप 1 मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरचं थांबलं की एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, धाप, मग बेशुद्धी. जानेवारी 1922 मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं वाचत नसत. तीन महिने लांब राहिले, इंजेक्शन सुटतं म्हणून सांगणाऱ्याने चार दिवसांचाही विचार केलेला नाही.

आता जे खरं आहे ते मान्य करते. बिकानेरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी दोन वर्षं एक चाचणी केली, ती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप 1 चे 24 रुग्ण, त्यातल्या 12 जणांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध. त्या बारा जणांची इन्सुलिनची गरज सरासरी 32.5 युनिटवरून 17.5 वर आली, तिघांची तर शून्यावर. निष्कर्ष दखल घेण्याजोगा आहे, नाकारत नाही. पण माणसं बारा. त्यांतल्या नऊ जणांना दोन वर्षांनीही इन्सुलिन लागतच होतं. आणि क्रम नीट बघा: दूध उपचारांच्या जोडीला होतं, बदल्यात नव्हतं. गरज कमी झाल्यावर डोस उतरला. बहीण आधी डोस उतरवून मग साखर बघायला निघाली होती.

रायकांचं म्हणाल तर दूध पिणाऱ्या रायकांमध्ये मधुमेह आढळला नाही असा अभ्यास आहे. पण ही माणसं आयुष्यभर उंटांमागे चालतात, आणि प्रौढपणी जडणारा मधुमेह वेगळा, माझ्या भाचीचा वेगळा.

कच्चं दूध? अजिबात नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी. 2012 मध्ये सौदी अरेबियात सापडलेल्या, श्वसनाचा गंभीर आजार करणाऱ्या मर्स विषाणूचा उंटांशी संबंध दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही उंटिणीचं कच्चं दूध टाळायला सांगितलं. कच्छची सरहद डेअरी 2019 पासून अमूलच्या नावाने जे विकते, तेही पाश्चराइज केलेलंच असतं.

बाकीचं थोडक्यात. 'क' जीवनसत्त्व गाईच्या दुधापेक्षा जास्त असतं, खरं आहे, पण एका पेरूत लिटरभर दुधाहून कितीतरी जास्त मिळतं. लोह गाईच्या दुधात असतंच नावाला, त्याच्या पटी कसल्या मोजता? लॅक्टोज शून्य हे धडधडीत खोटं. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन त्यात नसतं, त्यामुळे गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना ते चालतं. तेही डॉक्टरांना विचारूनच.

आणि लॅक्टोज आहे म्हणजे ती साखरच. बहिणीला हेच सांगितलं: डबा आणलाच आहेस तर दे, पण त्या पेल्यातलं कार्बोहायड्रेट नेहमीच्या दुधासारखं हिशेबात धर. काल सकाळी व्हिडिओ कॉलवर तिने माझ्यासमोर सिरिंजला टिचकी मारून बुडबुडा वर काढला आणि डोस दिला, डॉक्टरांनी लिहून दिलाय तेवढा. पुढच्या तपासणीला पावडरचा डबा सोबत न्यायचं ठरलंय.