त्या एका बटणाचं करायचं काय?

भाड्याच्या घरात शिरलं की हॉलच्या बोर्डावर एक बटण असं असतंच, जे दाबलं तरी काही होत नाही. चीड येते! वायरमनने जाताना मार्करने दोन अक्षरं लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

नुसतं खटखट करून काही कळत नाही, कारण ते बहुधा दिव्याचं नसतंच. बाल्कनीतलं सॉकेट, माळ्यावरचा पॉइंट, दाराबाहेरचा बल्ब उडालेला होल्डर, सगळं धुंडाळा. प्रत्येक सॉकेटात चालू टेबल लॅम्प लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. टेस्टरवर विसंबू नका. शेजारून चालू वायर गेली असेल तर बंद वायरवरही त्यातला दिवा मिणमिणतो. 16 अँपियरचं जाडं बटण असेल तर आधी गिझर, मग एसी. टू-वेचा, म्हणजे एकच दिवा दोन जागच्या दोन बटणांवर असतो त्याचा, तर वेगळाच ताप: जोडीतली एक वायर सुटली की दुसरं बटण एका बाजूला असतानाच दिवा लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना करून बघा.

खरा राग पीओपीवाल्यांचा. झुंबराचा पॉइंट सीलिंगखाली गाडतात आणि वायरचं उघडं टोक टेपसुद्धा न लावता तसंच सोडतात. बटण चालू राहिलं की त्या टोकात 230 व्होल्ट! काहीच सापडलं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून, प्लेट उघडून त्या बटणाची बाहेर जाणारी वायर काढून टोपी लावून घ्या. आणि बोर्डावर लिहा हो, प्लीज!