साथ आली की हॉटेल बंद, नळ मात्र चालू

साथ कुठलीही येवो, आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो : ‘सर्वांनी बाहेरचे खाणे पूर्णपणे बंद करावे.’ खाली जोडलेले हात आणि दोन गुलाब. कावीळ असो, गॅस्ट्रो असो, कोरोना असो, उतारा एकच. यावर घरात कुणी वाद घालत नाही, कारण वाद घालणारा चटोर ठरतो.

मी घालते. मी पुण्यात सिंहगड रोडला राहते आणि 2025 चा जानेवारी-फेब्रुवारी इथेच काढलाय, तेव्हा जरा ऐकून घ्या.

आठवतंय ना? नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी, रोज बातम्यांत हीच नावं. आधी जुलाब-उलट्या, त्यातून माणूस उठतो, कामाला लागतो आणि मग आठ-पंधरा दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढवेना, हातातला पेला धरवेना. काही जण थेट व्हेंटिलेटरवर. जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम, हे नाव तोवर आमच्या सोसायटीत दोन डॉक्टर सोडले तर कुणी ऐकलेलं नव्हतं. फेब्रुवारी संपेपर्यंत संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले होते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो त्याच्या आधीचा पोटाचा संसर्ग. शरीर त्या जंतूशी लढायला उठतं आणि काही जणांत चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडतं. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या हजारात साधारण एखाद्यालाच जीबीएस होतो. म्हणजे दवाखान्यात दिसले त्यांच्या मागे पोट बिघडून आपोआप बरे झालेले कितीतरी असणार.

आणि लोकांनी काय केलं? हॉटेलं सोडली. संध्याकाळी जिथे गाडी लावायला जागा मिळायची नाही, तिथे वेटर दारात उभे राहून मोबाइल बघत होते. चिकनवाल्याकडे शुकशुकाट. मग पनीरवर संशय, मग भातावर. भेळवाल्याकडे तर बघायचं नाही. इकडे डॉक्टर आणि पालिकेची माणसं पाण्याकडे बोट दाखवत होती. तपासलेल्या काही नमुन्यांत क्लोरीन औषधालाही नव्हतं. जे पाणी घरोघर नळाला येतं, टँकरनं टाकीत पडतं, त्याच्यावरच संशय होता. पुढे पाणी शुद्ध करून विकणाऱ्या खासगी आरओ प्लान्टनाही टाळं लागलं, जिथून लोक ‘नळाचं नको’ म्हणून वीस लिटरचे जार भरून नेत होते!

म्हणजे मिसळ सोडली आणि त्याच नळाच्या पाण्यानं काकडी धुऊन कोशिंबीर केली. वर समाधान काय, तर घरचं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हॉटेलात जायचं का हे ठरवायच्या आधी तो आजार कुठून शिरतो ते बघा. पाण्यातून, हवेतून की हातातून. त्यावर सगळं उलटसुलट होतं.

कोरोनाचं घ्या. आपल्याकडे महाराष्ट्रात 5 ऑक्टोबर 2020 पासून निम्म्या क्षमतेनं हॉटेलं उघडली. तेव्हा आमचे एक नातेवाईक पार्सल आलं की डब्यांना सॅनिटायझर फासायचे, पिशवी गॅलरीत उन्हाला टाकायचे, आणि त्याच आठवड्यात खिडक्या बंद, एसी चालू अशा हॉलमध्ये साखरपुड्याला दोन तास गप्पा मारून आले. जेवणाला त्यांचा विरोध होता, बसण्याला नव्हता. खरं तर उलटं हवं होतं. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका हॉटेलचं उदाहरण तेव्हा बरंच गाजलं होतं. 24 जानेवारी 2020, वुहानहून आलेलं एक कुटुंब जेवायला बसलं, आणि पुढे शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले दहा जण आजारी पडले. खिडक्या नव्हत्या, एसीचा झोत त्या तीन टेबलांवरूनच फिरत होता. त्याच मजल्यावरच्या इतर टेबलांवर काही नाही, वाढणाऱ्यांपैकीही कुणाला नाही. ताटात काय होतं याचा काडीचा संबंध नव्हता. अशा साथीत रस्त्यावरच्या टपरीवर उभ्या उभ्या खाल्लेला वडापाव हा चकाचक एसी रेस्टॉरंटपेक्षा बरा.

पाण्याच्या साथीत मात्र तोच टपरीवाला हात कुठे धुतो, हा लाखमोलाचा प्रश्न.

आता मिसळीची प्लेट नीट बघा. मी हे त्या दोन महिन्यांत फार बारकाईनं बघायला शिकले. कट चुलीवर सतत रटरटत असतो, त्याला मी घाबरत नाही. फरसाण कोरडं, पाव कोरडा. वडा उकळत्या तेलातून थेट प्लेटमध्ये, तोही चालेल. पण वरून पडतो तो कांदा सकाळी सातला चिरून स्टीलच्या घमेल्यात ठेवलेला असतो, घमेल्याच्या तळाशी पाणी साचलेलं, आणि त्यात एकच हात दिवसभर जात असतो, पैसे घेणाराही तोच. कोथिंबीर बादलीत बुचकळून काढलेली. लिंबाची फोड. आणि टेबलावर आदळलेले पाण्याचे चार पेले, चारांत चार बोटं. मिसळीत धोका असेलच तर तो या सजावटीत असतो. कांदा-कोथिंबीर नको म्हणायचं, पाण्याची बाटली घरून न्यायची, संपलं. (पाव हातानं खाता, तेव्हा आपलेही हात. आणि सॅनिटायझर चोळून नोरोव्हायरस नीटसा जात नाही, साबणच लागतो. हॉटेलच्या बेसिनवर साबणाच्या बाटलीत निम्मं पाणी असतं, हे आपल्याला माहीतच आहे.)

बर्फाचं तर विचारूच नका. आपल्या एफडीएनं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं, 2018 साली नियम केला की खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा, म्हणजे तो सरबतात जाणार नाही. मला अजून गाड्यावर निळा बर्फ दिसलेला नाही आणि त्यानं मी निश्चिंत होत नाही.

घरचं चिकन सुरक्षित, हाही असाच समज. कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या कोंबडीवर सर्रास असतो. आपण ती सिंकमध्ये नळाखाली खळखळ धुतो, शिंतोडे ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर. मग त्याच सुरीनं टोमॅटो. शिजवलेला रस्सा निर्धोक असतो, पंचाईत टोमॅटोची होते. मी कोंबडी धुणं सोडलंय, सासूबाईंना ते अजून झेपलेलं नाही.

त्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. सासऱ्यांची पंचाहत्तरी नेमकी त्या फेब्रुवारीत होती. कोथरूडला हॉटेलचा छोटा हॉल आधीच ठरलेला. नणंदेचा फोन आला.

“वहिनी, तू तरी दादाला समजाव. बाबांच्या जिवाशी खेळ नको. घरीच आचारी बोलवू.”

“अगं, बोलवू. पण त्याला पाणी कुठलं देणार? आपल्याकडे टँकर येतोय.”

ती गप्प. मग आम्ही हॉटेलच ठेवलं आणि ताट बदललं. कोशिंबीर नाही, दहीवडा नाही, मठ्ठा नाही, चटणी नाही. पुऱ्या, बटाट्याची भाजी, अळूचं फतफतं, मसालेभात, सगळं वाफाळतं, आणून लगेच वाढायचं. मॅनेजर कळवळून म्हणाला, “मॅडम, मठ्ठ्याशिवाय ताट कसं दिसेल?” सासरे त्याच्याही पुढचे. “पंचाहत्तरीला मठ्ठा नाही, तेराव्याला देणार का?” प्यायला घरून उकळून नेलेलं पाणी. त्या थर्मासांवरून आमची भरपूर टिंगल झाली, ती आम्ही ऐकून घेतली.

धाकटी जाऊ आली नाही. तिच्या आईचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं, घरात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू, आणि ती आईसोबतच राहते. तिनं न येणं अगदी बरोबर होतं, आणि ‘एवढं काय घाबरायचं’ म्हणणाऱ्या दोन काकांना मी तिथेच ऐकवलं. माझा हिशोब वेगळा, तिचा वेगळा. घरात तान्हं बाळ असेल, गरोदर बाई असेल, केमो चालू असेल तर मठ्ठा काढून भागत नाही, जाणंच काढावं लागतं. आणि अशा माणसाला न जाण्याचं कारण चारचौघांत द्यायला लावू नये.

आता ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. हॉटेलातला मोरीवरचा पोरगा. त्याला जुलाब लागले तर तो काय करतो? कामावर येतो. कारण खाडा झाला की पगार कापला जातो, आणि दोन खाडे झाले की दुसरा पोरगा उभा असतोच. तो भांडी घासतो, गर्दी झाली की कांदाही चिरतो. परवान्याच्या नियमांत लिहिलंय की अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची आणि संसर्गजन्य आजार असलेल्याला कामावर ठेवायचं नाही. वर्षातून एकदा! जुलाब काय मुहूर्त बघून लागतात? आणि कामावर ठेवायचं नाही तर त्या दिवसांचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न मालक आणि पोरगा यांच्यात राहतो आणि त्यात कोण हरतो हे सांगायला नको. नोरोव्हायरसची तर गंमत अशी की उलट्या थांबून बरं वाटल्यावरही दोन दिवस तरी स्वयंपाकघरापासून लांब राहावं लागतं. बरं वाटतंय आणि तरी घरी बस, असं कुठला मालक म्हणणार?

साथीच्या काळात हॉटेलांच्या दारावर ‘आरओ पाणी मिळेल’, ‘मास्क, ग्लोव्हज वापरतो’ असे बोर्ड लागतात. ग्लोव्हज घालून पैसे मोजणारे, कांदा उचलणारे आणि कपाळ पुसणारे मी पाहिलेत. मला वेगळा बोर्ड वाचायचाय : ‘आमच्याकडे आजारी कामगाराला पगारी सुट्टी आहे.’ थाळीमागे दोन-चार रुपये वाढवा त्यासाठी, मी कुरकुर करणार नाही.

असं एखादं हॉटेल पुण्यात असेल तर कमेंटमध्ये नाव टाका. कुठलंही असू दे, पिठलं-भाकरीचं असलं तरी चालेल. ‘आम्ही लहानपणापासून गाड्यावर खातोय, काही होत नाही’ हे मात्र कृपया लिहू नका, ते आमच्या ग्रुपवर दोन काकांनी आधीच लिहून झालंय.